मावशीच्या खाचरातलं गायरान

सर कोणाशीही बोलताना त्याच्या उजव्या हाताला, किंचित वरच्या बाजूला उभे राहत. वरच्या बाजूला म्हणजे जिना असेल तर एक पायरी वर, चढ असेल तर चढाच्या अंगाला. सपाट जमिनीवर त्यांचा नाइलाज होई. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, त्यांना एका कानाने कमी ऐकू येत असावं. नंतर कळलं की नकाशावर गावाचा ठिपका असतो, त्याचं नाव लिहायची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे ठिपक्याच्या उजवीकडे, थोडी वर. ती रिकामी नसेल तर उजवीकडे खाली. तीही नसेल तर डावीकडे वर. सरांनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि ते अंगात मुरलं होतं. एकदा ओतूरला एका लग्नात फोटोसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा नवरदेवाच्या उजव्या हाताला मामा आधीच उभे होते. सर मुकाट्याने डावीकडे जाऊन उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "पहिली जागा भरली होती."

त्यांचं ऑफिस जुन्नरच्या बाजारपेठेत, एका शेठजींच्या कापडदुकानाच्या वर होतं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक मोठा प्रिंटर. प्रिंटर सुरू झाला की खाली शेठजींच्या छतावरून खपली पडे. शेठजींचं घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, पण मराठी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांच्या दुकानाची पाटी रंगवताना पेंटरची जागा संपली होती आणि शेवटची तीन अक्षरं एकमेकांवर चढली होती. सर रोज जिना चढण्याआधी पाटीकडे बघत.

"शेठ, शेवटच्या तिघांना श्वास घेता येत नाही."

"सर, गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही हो. सवयीनं येतं."

"गिऱ्हाइकाचं नाही म्हणत मी. अक्षरांचं म्हणतोय."

हे संभाषण मी चार वर्षं रोज ऐकलं. पाटी अजून तशीच आहे.

मी मढच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. भूगोल घेतला होता, पण कॉलेजात एका कॉम्प्युटरमागे आम्ही तिघी असायचो आणि माउस बहुतेक वेळा तिसरीच्या हातात असे. नोकरीसाठी गेले तेव्हा सरांनी प्रमाणपत्रं बघितली नाहीत. कोरा कागद दिला आणि म्हणाले, "तुमची वाडी काढ. घरं, ओढा, रस्ता, देऊळ. मग वाडीचं नाव लिही." मी काढलं. नाव बरोबर मध्ये लिहिलं. सरांनी विचारलं, "या नावाखाली काय आहे?"

मी बघितलं. नावाखाली आमचं घर होतं. पूर्ण झाकलं गेलं होतं.

"सगळे असंच करतात," सर म्हणाले. "सोमवारपासून ये."

ते आम्हाला गावाच्या नावाने हाक मारत. मी "मढ". माझ्याबरोबर एक मुलगी होती, ती "ओझर". "मढ, ओझरला सांग जेवायला चल." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, दोन गावांत सोयरीक चालू आहे.

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की सगळी नावं आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतात. सरांचा त्या बटणावर राग नव्हता. ते म्हणत, "कॉम्प्युटर हा पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा आहे. चांगला माणूस आहे. पण मोकळी जागा दिसली की बसतो. चुलीपाशीसुद्धा बसेल. त्याला 'इकडे या' म्हणणारं कोणी तरी घरात पाहिजे." म्हणून बटण दाबल्यावर प्रत्येक नाव पुन्हा हाताने बघायचं, असा नियम होता. अक्षराची शिरोरेषा रस्त्यावर पडता कामा नये, नाहीतर लोक शिरोरेषेवरून गाडी घालतील. वेलांटीला डोक्यावर जागा ठेवायची आणि उकाराला पायाखाली. नावाभोवती पांढरी कड द्यायची नाही, कारण तेवढा डोंगर कापला जातो. डोंगर कापायला आपल्याला परवानगी नाही.

नदीचं नाव नदीच्या काठाने, वळणावळणाने, पाणी वाहतं त्या दिशेने लिहायचं. कुकडी, मीना, घोड या नद्यांवर सरांचा फार जीव होता. त्या सह्याद्रीतून निघून पूर्वेला जातात, म्हणजे नकाशावर डावीकडून उजवीकडे. "आपल्या नद्या मराठी वाचतात," ते म्हणत. घाटाखालच्या नद्या पश्चिमेला जातात. तिकडचं काम आलं की सर दिवसभर कुरकुरत. "या नद्यांना सांगून काही उपयोग नाही."

घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्यांनी स्वतः चिठ्ठ्या लावल्या होत्या. सगळ्या एका रेषेत याव्यात म्हणून लहान डब्यांखाली लाकडाचे तुकडे ठेवले होते. काकू मला म्हणाल्या, "अगं, मीठ कुठंय ते मला माहितीय. मीठ घेतलं की लाकूड पडतं, त्याचं काय करू?"

आणि एक वही होती. लांब, जाड पुठ्ठ्याची. नकाशावरचं कोणतंही नाव हलवलं की त्यात लिहायचं: नाव, कुठून कुठे, कारण, आणि शेवटचा रकाना, चूक कोणाची. "वाडी कड्यावर लटकत होती. खाली घेतली. चूक: ओझर." "ओढ्याचं नाव उलटं वाहत होतं. चूक: मढ." माझ्या पहिल्या वर्षाची पानं वाचली तर वाटेल, मढला मोठी आपत्ती आली होती. मी ती वही एकदा पुढून मागे सगळी चाळली होती. शेवटच्या रकान्यात सरांचं नाव एकदाही नव्हतं. हा त्यांचा गर्व नव्हता. त्यांच्या हातून नाव खरंच चुकत नसे. आरेखक म्हणून नोकरीत होते तेव्हा ते शाईने, हाताने लिहीत. तिथे चुकलं तर ब्लेडने खरवडावं लागे, आणि खरवडलेला कागद जन्मभर तसाच दिसे.

आता मावशींबद्दल लिहिते.

मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारी एक बाई जिना चढून आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी. दारातूनच म्हणाल्या, "नकाशे हितंच करत्यात का?"

"हो. या, बसा मावशी. पाणी घ्या."

"पानी पिऊन आलेय मी. माज्या खाचरात तुमी काय लिवलंय ते पुसा आदी."

त्यांचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगराच्या अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही. ठकूमावशी दोन एसटी बदलून आल्या होत्या. पिशवीत सातबारा होता, घडीवर घडी घातलेला. आम्ही त्यांच्या ग्रामपंचायतीसाठी शिवाराचा मोठा नकाशा केला होता आणि तो तिथे भिंतीवर लागला होता.

"गावात यायामशाळा आलीय," मावशी म्हणाल्या. "उगड्यावरची. हिरव्या-पिवळ्या मशिनी. दोन मशिनी माज्या बांधावर आणून टाकल्यात. उपसरपंच म्हंतो, मावशे, ते तुजं न्हाई, गायरान हाय, नकाशात लिवलंय. मी म्हटलं, बाबा, लगीन होऊन आले तवापासनं तिथं भात लावतेय. तर म्हंतो, सातबारा जुना, नकाशा नवा. कॉम्प्युटरचा हाय."

"पण जमीन पेरलेली दिसत असेल ना?" मी विचारलं.

"आता कुटली? भात काढल्यावर आमच्याकडं समद्यांची गुरं समद्यांच्या रानात चरत्यात. रीतच हाय ती. आता तिथं गुरं बगून लोकबी म्हणाया लागले, गायरानच दिसतंय राव!"

सरांनी फाइल उघडली. गायरानाचा आकार विळ्यासारखा होता. डोंगराच्या पायथ्याने वळसा घालून गेलेला, दोन्ही टोकं बारीक. विळ्याच्या पोटात ठकूमावशींची खाचरं, गावातली त्या बाजूची एकमेव सपाट जागा. आणि त्या खाचरांच्या बरोबर मधोमध, सुबक अक्षरांत, "गायरान".

"मढ, हे कोणी मांडलं?"

"मी. म्हणजे… कॉम्प्युटरने."

"कॉम्प्युटरचं गाव कोणतं?"

मी वहीकडे बघितलं.

"मग वहीत त्याचं नाव कसं लिहू?"

तो नकाशा केला तेव्हा सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. नकाशा द्यायची घाई होती. गावांची नावं मी एकेक हाताने बघितली, पण क्षेत्रांची नावं बटणावर सोडली. बटण काय करतं, तर आकाराचा मध्य काढतं आणि नाव तिथे ठेवतं.

"विळ्याचा मध्य कुठे येतो?" सरांनी विचारलं.

"पात्याच्या बाहेर. पोकळीत."

"पोकळीत कोण आहे?"

मी मावशींकडे बघितलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोणाचं चुकलं एवढं त्यांना समजलं होतं. म्हणाल्या, "पोरगी ल्हान हाय. पुसंल ती." त्या वाक्याने मला जेवढं वाईट वाटलं तेवढं पुढे कोणी ओरडूनही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर मला त्या खाचरात घेऊन गेले. नकाशावर तो शब्द अडीच सेंटीमीटर लांब होता. एक सेंटीमीटर म्हणजे पन्नास मीटर. "सव्वाशे मीटर," सर म्हणाले. "'गा' या बांधापासून सुरू होतो. चाल." मी चालले. "गा" संपला तिथे मावशींचा पेंढा रचलेला होता. "य" मध्ये आंब्याचं झाड. "रा" मध्ये त्यांच्या सासऱ्याने दगड वेचून घातलेली ताल, म्हणजे दगडी बांध. "न" त्यांच्या गोठ्यात संपत होता आणि तिथे एक म्हैस बसली होती. हिरव्या-पिवळ्या दोन मशिनी "य"च्या पायाशी पडल्या होत्या. सर बांधावर, उजवीकडे, किंचित वर उभे राहून विचारत होते, "आता कुठे आहेस?" आणि मी मोठ्याने सांगत होते, "य मध्ये!" मावशी म्हणाल्या, "काय शिक्षा करताय का तिला?" सर म्हणाले, "नाही. तिला नाव वाचायला शिकवतोय."

आम्ही नकाशा दुरुस्त केला आणि तो घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. उपसरपंच वाईट माणूस नव्हते. व्यायामशाळा मंजूर करून आणायला त्यांनी फार चकरा मारल्या होत्या. मशिनी येऊन पडल्या होत्या आणि बाकी सगळं गाव उतारावर. त्यांनी दुरुस्त नकाशा बघितला, भिंतीवरचा बघितला, आणि हसले.

"सर, तुमी मोठी माणसं. पण आता नकाशे दोन झाले. पयल्यात गायरान हितं, दुसऱ्यात तिथं. मावशी जुन्नरला जाऊन आली आन् नाव सरकलं. लोक काय म्हणतील? काय चहापानी झालं म्हणतील."

"चूक आमची होती."

"चूक पयली का दुसरी, ते कसं कळायचं? छापलेलं पयलं खरं."

सरांनी दुरुस्त नकाशा गुंडाळला. खरं तेच सांगितलं होतं, आणि ते लाच खाल्ल्यासारखं दिसत होतं. सरकारी मोजणीचा अर्ज मावशींनी केला होता, पण मोजणी यायची तेव्हा येणार होती. मशिनींचे पाय सिमेंटमध्ये बसायला चार दिवस पुरे होते. शेवटी ठरलं की बुधवारी ग्रामसभा आहे, तिथे गाव म्हणेल तसं.

"बरं," सर म्हणाले. "मग ग्रामसभेला पहिलाच नकाशा ठेवा. पण तो फाटायला आलाय. लॅमिनेशन करून देतो."

बुधवारी सकाळी आम्ही लॅमिनेशन केलेला नकाशा घेऊन गेलो. ग्रामसेवक खूश झाले. "वा! चहाचा डागसुद्धा गेला."

मी डागाच्या जागेकडे बघितलं. लॅमिनेशनने डाग जात नाही, एवढं मला ठाऊक होतं. मग मी बाकीचा नकाशा बघितला, आणि एका जागी माझी नजर थांबली. मी सरांकडे पाहिलं. सर पंखा बघत होते.

सभेला देवळापुढच्या शेडमध्ये शंभरेक माणसं होती. मावशी बायकांत शेवटी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. सर उठले.

"मला एकच विचारायचंय. नकाशात जिथे अक्षरं लिहिलीत, ती जमीन त्या नावाची. असंच ना उपसरपंच?"

"तसंच. लिवलंय ते हायच की."

"सगळ्यांना मान्य?"

"मान्य, मान्य," मागून आवाज आले.

"मग ओढ्याच्या अलीकडे, या पिंपळाशेजारी काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा. माझे डोळे कमी झालेत."

उपसरपंच पुढे झाले, वाकले. "स्म…" म्हणाले आणि थांबले.

"मोठ्यानं वाचा की राव," कोणी तरी ओरडलं.

"स्मशानभूमी."

"आणि अक्षरांखाली घर कोणाचं आहे?"

सगळ्या माना उपसरपंचांकडे वळल्या. मग मागच्या रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "आरं, तरीच ह्याच्या घरी पावनं टिकत न्हाईत."

"भाऊ, लाकडं घरची का आमी आनायची?"

"तेराव्याचं जेवन तरी घाल!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. उपसरपंचांच्या सौभाग्यवतींनी मात्र लावला नाही. त्या सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. उपसरपंच लाल झाले.

"अहो सर, ते निस्तं नाव हाय! स्मशान पलीकडं हाय ओढ्याला. घर माजं हाय. बापजाद्याचं!"

"हां," सर म्हणाले आणि खाली बसले.

त्या "हां"नंतर कोणाला काही बोलायची गरज पडली नाही. ठराव दहा मिनिटांत झाला. मशिनी खऱ्या गायरानात, चढावर बसवल्या. तिथपर्यंत पोचण्यातच व्यायाम होतो, त्यामुळे त्यांवर कोणी चढत नाही. शेळ्या बांधायला बऱ्या पडतात.

परतीच्या एसटीत मी धीर करून म्हटलं, "सर, स्मशानभूमीचं नाव मी खुणेच्या डावीकडे लिहिलं होतं. ओढ्याच्या रिकाम्या पात्रावर. ते हाताने मांडलं होतं, मला नक्की आठवतंय."

सर खिडकीबाहेर बघत होते. "तिकीट काढलंस का?"

"तुमच्यासमोरच काढलं."

"मग बस नीट."

तिसऱ्या दिवशी उपसरपंच आमच्या ऑफिसात आले. खुर्चीच्या कडेला बसले. "सर, तेवढं आमच्या घरावरचं काडा. लोक येता-जाता 'रिकामं हाय का' म्हणून इचारत्यात."

"अर्ज लिहा," सर म्हणाले.

त्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. सरांनी तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

गायरानाचं नाव कुठे लिहायचं, हे सरांनी मावशींनाच विचारलं होतं. मावशींनी पडद्यावर बोट ठेवून विळ्याच्या पाठीवरून वळवत नेलं होतं. "गुरं चडत्यात तशी लिवा. येकामागं येक." मी तसंच लिहिलं. चार अक्षरं, एकमेकांपासून लांब लांब, डोंगराच्या वळणाने वर जाणारी. आजवर मी मांडलेल्या नावांत ते सगळ्यांत चांगलं आहे.

आता मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे एका दिवसात हजारो नावं आपोआप बसतात. मी शक्य तेवढी उघडून बघते, म्हणून माझं काम हळू आहे असं माझ्या वार्षिक अहवालात लिहिलं जातं. ते खरंच आहे. मला आज जे काही येतं ते त्या दोन खोल्यांत शिकले, आणि इथे सगळ्यांना ते समजावून सांगता येत नाही.

सरांनी ऑफिस बंद केलं तेव्हा कॉम्प्युटर विकले आणि वही मला दिली. मी पहिल्यांदा त्या महिन्याचं पान काढलं. गायरानाची ओळ होती: "मावशीच्या खाचरातून गायरानात. कारण: मध्य बाहेर पडला. चूक: मढ." ते बरोबरच होतं.

तिच्याखाली, ग्रामसभेच्या आदल्या दिवशीची ओळ: "स्मशानभूमी. ओढ्याच्या पात्रातून उपसरपंचांच्या घरावर. कारण: मुद्दाम."

आणि शेवटच्या रकान्यात, जिथे वहीभर आम्हा पोरींची गावं लिहिली आहेत, तिथे त्या सुबक, शाईच्या अक्षरात, रकान्याच्या उजवीकडे, किंचित वर: "स्वतः."